फिलफिल जमीन का उकरतो

अखमीम, ९ ऑक्टोबर १९८६

लाडक्या अदली,

कुवेतच्या उन्हात तुझ्या डोक्यावर देवाची सावली राहो. इथे सगळे तुझी आठवण काढतात, निदान तोंडावर तसं म्हणतात तरी. आता कामाचं लिहिते. तुझा कुत्रा नाटकी झाला आहे.

दोन वर्षांपूर्वी जाताना तू हा फिलफिल माझ्या गळ्यात टाकून गेलास. कालव्याच्या काठी सापडला तेव्हा मुठीएवढा होता आणि मिऱ्यासारखा काळा, म्हणून तू हे नाव ठेवलंस. आता तो वासराएवढा झालाय आणि त्याला एकच काम आहे, मला मागावरून उठवणं. मी विणायला बसले की याचं सुरू होतं. आधी टोपलीतला धोटा पळवायचा. पळवतो म्हणजे कुठे, तर उंबऱ्यापर्यंत. तिथे थांबून वळून बघतो, मी येते की नाही ते. पळायचंच असेल तर पळावं ना माणसाने, चोराने मागे वळून बघितलेलं मी पहिल्यांदाच पाहतेय.

मग लंगडणं. एकदा त्याच्या उजव्या पायात काटा गेला होता, तेव्हा मी तो काढून त्याला तूप लावलेला भाकरीचा तुकडा भरवला. तेव्हापासून काटा नसतानाही लंगडतो. परवा तर डाव्या पायाने लंगडत होता. उम्म नसीमची कोंबडी भिंतीवरून आत आली तशी चारही पाय जागेवर आले. कधी कधी खोकतो, अगदी आजोबांसारखा, खोकून झालं की माझ्याकडे बघतो. मला उम्म नसीमचा संशय आहे. ती भिंतीवरून त्याला काहीबाही टाकत असते. शेजाऱ्याच्या कुत्र्याशी ओळख वाढवून ठेवणाऱ्या बाईच्या मनात काय असतं ते तूच सांग.

आणि आता नवीन खूळ. अंगणातल्या भाकरीच्या भट्टीजवळची जमीन उकरतो. मी चप्पल घेऊन धावते, तो थांबतो, मी मागावर बसते, तो पुन्हा सुरू. असं केलं तर माझं कापड कधी पुरं होणार? काय करू ते लिही. आणि 'मी बरा आहे, तू बरी असशील' एवढ्यावर पत्र संपवू नकोस. ते मला न वाचताही पाठ आहे.

तुझी थोरली बहीण
मुनीरा

*

हवल्ली, कुवेत, २ नोव्हेंबर १९८६

प्रिय अब्ला मुनीरा,

मी बरा आहे. गोदामात काम खूप आहे. फिलफिलकडे लक्ष देऊ नकोस. तो लक्ष वेधण्यासाठी करतो. ओरडू नकोस, धावू नकोस, त्याच्याकडे पाठ फिरव. काही दिवसांत कंटाळून सोडून देईल.

अदली

ता. क. भट्टीजवळ म्हणजे नेमकं कुठे? जिन्याच्या बाजूला की पाण्याच्या रांजणाच्या बाजूला?

*

अखमीम, २८ नोव्हेंबर १९८६

लाडक्या अदली,

तुझं सांगणं ऐकून मी पाठ फिरवली. परिणाम असा की तो आता दुप्पट उकरतो. मी बघत नाही हे कळल्यावर त्याने भुंकत उकरायला सुरुवात केली, म्हणजे कानांनी तरी दखल घ्यावी. ख्रिसमसचे उपवास लागले आहेत, मी मसूर खाते म्हणून तोही मसूर खातो, तरी अंगात एवढा जोर कुठून येतो देव जाणे.

जिन्याच्या बाजूला. पण तुला कशाला हवंय ते?

काल त्याने उकरलेल्या मातीत खापराचा एक तुकडा निघाला, लालसर, नक्षीचा. मी तो खिडकीत ठेवला. खड्डा गुडघाभर झाला होता, रात्री-बेरात्री माझाच पाय जायचा त्यात, म्हणून मी बाजारातून अर्धं पोतं सिमेंट आणवलं. चुकलंच माझं. या गावात बाईने एक वेळ नवरा सोडला तरी इतकी चर्चा होत नाही. इमारतीचा पाया खणताना राणीचा तो जुना दगडी पुतळा निघाला तेव्हापासून अख्खं अखमीम जमिनीकडे बघत चालतं. ज्याच्या घरात सिमेंट जातं त्याच्या घरात खणणं चालू आहे, आणि ज्याच्या घरात खणणं चालू आहे त्याला काहीतरी लागलंय, असा इथला हिशेब.

सिमेंट आलं त्याच दुपारी उम्म नसीम चाळण मागायला आली. तिच्याकडे तीन चाळण्या आहेत. माझ्याशी बोलत होती आणि डोळे भट्टीच्या पायथ्याशी. फिलफिलने त्याच क्षणी उकरायला सुरुवात केली, कारण आता बघणाऱ्या दोघी झाल्या होत्या. तिने छातीवर क्रूस काढला आणि चाळण न घेताच गेली.

दुसऱ्या दिवशी आपला चुलतभाऊ रिफअत. ईस्टरपासून ज्याचं तोंड दिसलं नव्हतं तो संत्र्यांची पिशवी घेऊन आला आणि थेट भट्टीच्या ओट्यावर बसला. म्हणाला, "जनावराला आपल्यापेक्षा जास्त कळतं, मुनीरा. गिर्ग्याला लोक मुद्दाम काळा कोंबडा सोडतात आणि तो उकरेल तिथे खणतात." मी म्हटलं, "मग गिर्ग्याला जा."

मुनीरा

*

हवल्ली, १७ डिसेंबर १९८६

प्रिय अब्ला मुनीरा,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी जेवलो नाही. सविस्तर लिहितो आहे, नीट वाच आणि वाचून झाल्यावर जपून ठेव.

पहिली गोष्ट, खड्डा बुजवू नकोस. बुजवला असशील तर निदान सिमेंट ओतू नकोस. दुसरी, फिलफिलला अडवू नकोस, तो किती खोल आणि कोणत्या दिशेने जातो ते बघ. तिसरी, तो खापराचा तुकडा खिडकीत ठेवायची वस्तू आहे का? जाणाऱ्या-येणाऱ्याने बघावा म्हणून? फडक्यात गुंडाळ आणि माझ्या पेटीत ठेव. नक्षी कशी आहे, रेषा आहेत की पक्षी, कडेला निळा रंग आहे का, हे मला सविस्तर कळव. तू इतक्या मोठ्या गोष्टीवर एक ओळ लिहितेस आणि उम्म नसीमच्या चाळण्यांवर पाच, याचं मला आश्चर्य वाटतं. अजून काय काय निघालं जे तू लिहिलं नाहीस?

तुला आठवतं का, आजोबा भट्टीजवळची जमीन कुणाला हलवू देत नसत? बाबांनी तिथे फरशी घालायची म्हटली तर आजोबा दोन दिवस जेवले नव्हते. तेव्हा आपल्याला वाटलं म्हातारपण. मी गेले आठ दिवस त्याचाच विचार करतो आहे. आमच्या खोलीत मिन्याचा एक माणूस आहे, त्याच्या मामाच्या घरात गाढव एका जागेवरून पुढे जाईना, म्हणून खणलं. त्या मामाने आता असवानला हॉटेल घातलंय. खरंखोटं देवाला ठाऊक, पण माणूस खोटं बोलणारा वाटत नाही.

रिफअतला अंगणात घेऊ नकोस. त्याच्याशी गोड बोल पण दारातूनच. नववर्षानंतर तू काही दिवस सोहागला फुतना मावशीकडे जाऊन राहिलीस तर बरं. मी रजा काढायच्या खटपटीत आहे. तिकडे कडाक्याची थंडी असेल, शाल पांघरत जा.

तुझा भाऊ
अदली

*

अखमीम, १२ जानेवारी १९८७

लाडक्या अदली,

चार पानं. दोन वर्षांत तू मला जेवढं लिहिलंस त्यापेक्षा जास्त एका पत्रात. वाचताना मला आधी आनंद झाला आणि मग शेवटपर्यंत वाचल्यावर झाला नाही.

तो तुकडा आईच्या रांजणाचा आहे. तू सहा वर्षांचा असताना चेंडू मारून फोडलास तो रांजण. आईने तुकडे भट्टीजवळ पुरले, कुणाच्या पायाला लागू नयेत म्हणून. आजोबांचं म्हणशील तर त्यांना फरशी नको होती कारण फरशीवर त्यांचा पाय घसरायचा, हे त्यांनी माझ्यासमोर दहा वेळा सांगितलंय.

आता मी काय केलं ते ऐक. मागाच्या खोलीच्या दाराला फट आहे, तू लहानपणी तिच्यातून पाहुणे निरखायचास तीच. मी अंगणातून आत गेले, दार लावलं आणि फटीला डोळा लावून उभी राहिले. फिलफिलने भट्टीकडे पाहिलं. मग दाराकडे पाहिलं. जांभई दिली आणि अंग टाकून झोपला. मी बाहेर आले तसा ताडकन उठून कामाला लागला, जणू मुकादम आलाय. पुन्हा आत गेले, पुन्हा झोपला. तीन दिवस मी हेच करत होते आणि तीनही दिवस तेच झालं. शेवटी मी भट्टी सोडून लांब, रांजणाच्या कट्ट्यावर जाऊन बसले. तर तो तिथे येऊन माझ्या पायाशी उकरू लागला. अदली, त्या जमिनीखाली काही नाही. त्याला मी हवी आहे, माती नको.

आता माझा प्रश्न. रिफअतच्या बायकोने ख्रिसमसच्या प्रार्थनेनंतर मला विचारलं, "अदली ईस्टरला येतोय म्हणे?" मला माहीत नाही ते तिला कसं माहीत? तू मला लिहितोस रिफअतला अंगणात घेऊ नकोस आणि त्याला स्वतः पत्र लिहितोस?

भट्टीची भिंत आणि जिन्याची भिंत एकच आहे, कच्च्या विटांची. तिच्या पायाला कुणी हात लावला तर वरच्या दोन खोल्या खाली येतील. कायद्याने या घरात दोन वाटे तुझे आणि एक माझा, मला माहीत आहे. पण तुला कुवेत आहे, मला हे एकच छप्पर आहे. मी पन्नाशीला आले, माग पाठीवर घेऊन कुणाच्या दारात जाऊ?

मुनीरा

*

हवल्ली, ८ फेब्रुवारी १९८७

अब्ला मुनीरा,

होय, मी रिफअतला लिहिलं. तुझ्यावर नजर ठेवायला नव्हे, घरावर ठेवायला. त्याने उत्तरात काय लिहिलंय ते मला तुला सांगायचं नव्हतं. तू खड्डा बुजवला आहेस, दारं लावून तासन्‌तास आत बसतेस, आणि उम्म नसीमला फटीतून तुझा डोळा दिसला. आपल्याच अंगणावर आपल्याच घरातून लपून पहारा कोण ठेवतं?

तू म्हणतेस सिमेंट पाय अडकू नये म्हणून. खापर आईच्या रांजणाचं. आजोबांचा पाय घसरायचा. कुत्रा नाटक करतो. चार गोष्टी आणि चारही मला एकच सांगतात, बघू नकोस. माझ्या जागी तू असतीस तर काय समजली असतीस?

आणि तूच लिहितेस की तो रांजणाच्या कट्ट्याजवळही उकरतो. म्हणजे जागा दोन आहेत.

मी ईस्टरच्या आठवड्यात येतो आहे. तू तेव्हा मावशीकडे सोहागला जा. हे मी घराचा मोठा वाटेकरी म्हणून सांगतो आहे, भाऊ म्हणून सांगून तू ऐकत नाहीस.

अदली

*

अखमीम, ५ एप्रिल १९८७

अदली,

मी जाते आहे. राहिले असते तर तू म्हणाला असतास, राखण करत बसली. फिलफिलला नेत नाही, मावशी कुत्र्याला गल्लीतही उभं करत नाही. किल्ली चर्चमधल्या पाद्री अबूनांकडे ठेवली आहे, गावात दुसऱ्या कुणावर माझा विश्वास उरला नाही. जिन्याच्या भिंतीपासून लांब राहा. तुला दुसरं काही सांगत नाही.

मागावर अर्धं कापड लावलेलं आहे, त्यावर धूळ बसेल, चादर टाक.

मुनीरा

*

अखमीम, १० मे १९८७

अदली,

ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, वसंताच्या सणाला, मी नदी ओलांडून परत आले. तुझ्या आवडीचे खारे मासे आणले होते. तू नव्हतास. रजा संपायला चार दिवस असताना तू निघून गेलास, निरोपही नाही.

आता मी काय पाहिलं ते लिहिते, तुला माहीत असलं तरी. भट्टी नाही. तिच्या जागी विहीर आहे, तळाशी हिरवट पाणी. जिन्याच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत तडा, माझा हात आत जातो. वरच्या खोल्यांना मी कुलूप लावलं आहे आणि मागाच्या खोलीत झोपते. मातीची पोती अंगणात छातीएवढी रचून ठेवली आहेत, बाहेर न्यायची तुमची हिंमत झाली नाही वाटतं. कापडावर चादर टाकली नव्हतीस.

उम्म नसीम सांगते, तुम्ही आठवडाभर रेडिओ इतक्या मोठ्याने लावत होता की तिच्या कोंबड्यांनी अंडी देणं बंद केलं. ईस्टरआधीच्या दुःखाच्या शुक्रवारी अख्खं गाव चर्चमध्ये पालथं पडून रडत होतं आणि आपल्या घरातून लग्नाची गाणी येत होती. मला चर्चमध्ये तोंड दाखवायला जागा उरली नाही. आणखी सांगते, तू गेलास त्या पहाटे तुझी बॅग दोघांनी उचलली. कपड्यांची बॅग एकट्याला उचलत नाही का? रिफअतच्या दारात आता मोटरसायकल उभी आहे.

काय घेऊन गेलास ते सांग. माझा वाटा मागत नाही. फक्त मला मूर्ख समजू नकोस.

मुनीरा

*

हवल्ली, ३ जून १९८७

प्रिय अब्ला मुनीरा,

काही निघालं नाही. हे वाक्य मी सहा वेळा लिहिलं आणि कागद फाडला, कारण ते खोटं वाटतं हे मलाही दिसतं.

आम्ही तिघं होतो, मी, रिफअत आणि त्याने गिर्ग्याहून आणलेला एक माणूस, जो धूप जाळून खजिन्याच्या राखणदार भुताला शांत करणार होता. राखणदार शांतच होता. आम्हाला माती मिळाली, मग चिखल, मग पाणी, आणि आईच्या रांजणाचं तोंड, अर्ध्या कानासकट. ते हातात आलं तेव्हा मला सगळं आठवलं. चेंडू सुद्धा आठवला. पण तेव्हा थांबलो असतो तर मी तुला काय तोंड दाखवलं असतं, म्हणून मी म्हटलं अजून खाली.

फिलफिलचं ऐक. पहिल्या दिवशी तो खुशीत होता, खड्ड्याभोवती नाचत होता. मग कुणी वर बघेना. तो कडेने लंगडत फिरला. खोकला. तुझा धोटा आणून माझ्या डोक्यावर टाकला. कुणी बघितलं नाही. शेवटी पोत्यांवर चढून झोपला, दोन दिवस खड्ड्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ज्या जागेसाठी आम्ही जीव काढत होतो तिथे त्याला वास घ्यावासाही वाटला नाही. मी ते पाहत होतो आणि तरी खणत होतो. मग शुक्रवारी तो उठला आणि जिन्याच्या पायथ्याशी उकरू लागला. रिफअत ओरडला, "तिथे!" आम्ही तिघंही खड्ड्यातून वर धावलो. त्याने शेपूट हलवून आमच्याकडे पाहिलं, अब्ला, इतका आनंद मी त्याच्या तोंडावर कधी पाहिला नव्हता. तेव्हा मला कळलं. पण रिफअतने पहार मारली होती. एकदाच मारली, आणि भिंत बोलली.

बॅगेत रिफअतच्या भावाचे कपडे आणि त्याच्यासाठी पाठवलेल्या भाकरी होत्या, तो इथे फहाहीलला आहे. मोटरसायकल हप्त्यांवर आहे. रिफअतला वाटतं, मी त्याच्या पाठीमागे काहीतरी काढून नेलं. निघताना त्याने माझी गचांडी धरली. तुझ्यासमोर उभं राहायची हिंमत नव्हती म्हणून पळून आलो.

विश्वास ठेव, एवढंच मागतो.

अदली

*

अखमीम, २ जुलै १९८७

अदली,

मी प्रयत्न केला. तुझं पत्र समोर ठेवून एकेक ओळ तपासली. पटते. प्रत्येक ओळ पटते आणि सगळं मिळून पटत नाही. काल रिफअतच्या बायकोच्या हातात नवी बांगडी दिसली आणि मी रस्ताभर तिचाच हिशेब करत आले. मी शपथेवर सांगत होते तेव्हा तुला काय वाटत असेल ते आता मला कळतं. खरं बोलणाऱ्याचा चेहराही लपवणाऱ्यासारखाच दिसतो. तुझ्यावर विश्वास ठेवायची माझी इच्छा आहे, जमेल तेव्हा कळवीन.

गवंडी येऊन गेला. भिंतीला लाकडांचे टेकू लावले, विहीर तुमच्याच पोत्यांतल्या मातीने भरून घेतली. म्हणाला, आता पायाला कुणी हात लावला नाही तर घर तुझ्यापेक्षा जास्त जगेल. मी म्हटलं, तेवढं पुरे.

फिलफिलने उकरणं सोडलं. कसं ते सांगते, कारण तुझा उपाय अर्धाच होता. पाठ फिरवल्यावर तो आणखी बिघडला. आता मी काय करते, तो काही करत नसतो तेव्हा उठते. नुसता उन्हात पडलेला असतो, नाटक नाही, खोकला नाही, तेव्हा माग थांबवून त्याच्यापाशी जाऊन बसते आणि कान खाजवते. पहिल्यांदा तो दचकला. माझ्याकडे संशयाने पाहिलं, हिला काय हवंय म्हणून. उठून लांब जाऊन बसला. आठवडाभराने कुठे त्याला भरवसा आला. आता मी विणत असते आणि तो दारात पडून असतो. त्याला माहीत आहे की मी येईन, त्यासाठी काही पराक्रम करायची गरज नाही.

हे करता करता एक गोष्ट माझ्या ध्यानात आली आणि ती तुला स्पष्टच लिहिते. दोन वर्षं तू मला दोन ओळी लिहिल्यास. मी आजारी होते तेव्हा दोन ओळी, मावशीचा नवरा गेला तेव्हा दोन ओळी. मी मातीचं लिहिलं, तर तू चार पानं लिहिलीस आणि शाल पांघरायला सांगितलंस. तू खजिन्याला लिहीत होतास हे मला कळत होतं, तरी ती शाल मी पांघरली. खापराचं वाक्य मी माझ्या नोव्हेंबरच्या पत्रात दोनदा खोडलं होतं. तिसऱ्यांदा राहू दिलं, कारण ते वाचून तू लिहिशील हे मला माहीत होतं. तेव्हा उकरणारा एकटा कुत्राच नव्हता.

एकदा काही निघालेलं नसताना लिही. नाही लिहिलंस तर मी समजेन.

मुनीरा

*

हवल्ली, १९ ऑगस्ट १९८७

प्रिय अब्ला,

आज सुट्टी आहे. सकाळी शर्ट इस्तरी केले. एकाची कॉलर जळली, मिन्याचा माणूस म्हणाला, आत दुमडून घाल, कुणाला दिसणार नाही. तो झोपेत मोठ्याने बोलतो, बहुतेक वेळा त्याच्या म्हशीशी. आम्ही सकाळी त्याला म्हशीचा निरोप सांगतो, त्याला राग येतो.

इथे उन्हाळ्यात नळाचं पाणी इतकं तापतं की अंघोळीसाठी रात्रीच बादली भरून ठेवावी लागते. मला मोलोखियाची पातळ भाजी करता येत नाही. काल केली, तार आलीच नाही, नुसतं हिरवं पाणी. तू लसूण कुटून शेवटी घालतेस की मध्ये? मी शेवटी घातला होता. आमच्या इमारतीच्या जिन्यात एक मांजर आहे, तिला तीन पिल्लं झाली. गोदामात नवीन पंखा आला, तो फिरतो पण वारा देत नाही.

संध्याकाळी समुद्रावर जाऊन बसलो होतो. तिथे बरेच आपल्याकडचे लोक येऊन बसतात, कुणी फारसं बोलत नाही. मग परत आलो आणि हे लिहायला बसलो. अजून लिहिण्यासारखं काही नाही.

तुझा
अदली

*

अखमीम, ११ सप्टेंबर १९८७

लाडक्या अदली,

तुझं पत्र शनिवारी आलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी शोधत होते, तुला काय हवंय ते. घर विकायचं असेल, असं वाटलं. मग वाटलं, रिफअतशी समेट झाला असेल आणि आता माझी समजूत काढतोय. पंख्याचं का लिहिलं असेल, याच्यावर मी एक दुपार घालवली. उम्म नसीमलाही वाचून दाखवलं. तिने डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाली, "मांजराच्या पिल्लांच्या आड काहीतरी आहे." आम्ही दोघींनी मिळून ते पत्र चांगलं खोलपर्यंत खणलं.

काही निघालं नाही.

मग रविवारी प्रार्थनेहून आल्यावर ते पुन्हा काढलं आणि यावेळी नुसतं वाचलं. तुझ्या जळक्या कॉलरला हसले. समुद्रापाशी आले तेव्हा मला रडू आलं, फिलफिल उठून आला आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून बसला.

लसूण शेवटी. पण तुपात आधी लाल करून, आणि ओतताना तोंडाने श्वास आत ओढायचा, आई ओढायची तसा, नाहीतर चव येत नाही.

तुझी
मुनीरा